पत : सुरतेच्या सराफीतला एक धडा



भांडवल, व्याज, पत हे शब्द आपण परीक्षेपुरते पाठ करतो आणि पुढे विसरतो. पण आपण राहतो त्या सुरत शहरात साडेतीनशे वर्षांपूर्वी हे शब्द रोजच्या व्यवहारातले होते. तेथूनच ते समजून घेऊ या.

सतराव्या शतकात सुरत हे मोगल साम्राज्याचे प्रमुख बंदर होते आणि वीरजी व्होरा हे येथील अग्रगण्य व्यापारी व सावकार होते. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला माल खरेदीसाठी पैसा कमी पडला की ती त्यांच्याकडून कर्ज घेई. ज्या पैशाच्या आधारे आणखी कमाई करता येते ते भांडवल. आणि दुसऱ्याचे भांडवल काही काळ वापरल्याचा मोबदला म्हणजे व्याज.

आता पत. समजा, एखाद्या व्यापाऱ्याला बुऱ्हाणपुरास रक्कम पाठवावयाची आहे. वाटेत लुटारूंचे भय. म्हणून तो सुरतेच्या सराफाकडे रोकड भरून हुंडी घेई आणि बुऱ्हाणपूरचा सराफ ती पाहून पैसे देई. दाखवताच पैसे मिळत ती दर्शनी हुंडी. ठरल्या दिवसांनी मिळत ती मुदती. या कामाबद्दल सराफ हुंडणावळ घेई. पण बुऱ्हाणपूरचा सराफ पैसे देई ते कागद पाहून नव्हे, तर लिहिणाऱ्याच्या नावावर. हा भरवसा म्हणजेच पत.

जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली, तेव्हा वीरजींची मोठी संपत्ती गेली. तरीही त्यांचा व्यवहार बंद पडला नाही. त्यांचे गुमास्ते आग्रा, बुऱ्हाणपूर, कालिकत असे दूरवर होते, म्हणजे सारे धन एके ठिकाणी नव्हते. शिवाय नावाची पत कोणालाही थैलीत भरून नेता येत नाही.

ज्याची पत चांगली, त्याला कर्ज स्वस्त. ज्याची पत ठाऊक नाही, त्याला महाग. कारण पैसे बुडण्याचे भय धनको व्याजात धरतो. खानदेशातून येथे लूमच्या कामाला आलेल्या आपल्या कित्येक कुटुंबांजवळ आरंभी घराचा कागद नव्हता, पगाराची चिठ्ठी नव्हती. मग आजारपण किंवा लग्नकार्य निघाले की सावकाराची पायरी चढावी लागे.

सावकार सांगतो, 'शेकडा तीन'. बँक सांगते, 'शेकडा बारा'. ऐकणाऱ्याला तीन स्वस्त वाटतात! पण सावकाराचे तीन महिन्याचे असतात आणि बँकेचे बारा वर्षाचे. १०,००० रुपयांवर बँकेचे वर्षाचे व्याज १,२०० रुपये होईल, सावकाराचे ३,६००. व्याज न देता ते दरमहा मुद्दलात मिळत गेले, तर दोन वर्षांत देणे २०,३०० रुपयांच्या वर जाते. हेच चक्रवाढ व्याज. ते बचतीवर मिळाले तर मित्र, कर्जावर लागले तर वैरी.

यातून सुटण्याचा मार्ग पत हाच. १९०४ साली आपल्या देशात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, त्यामागे हाच विचार होता : एकेकट्याची पत थोडी, पण दहाजण एकत्र आले तर तीच वाढते. आज तर कर्जफेडीची नोंद ठेवून प्रत्येक कर्जदाराच्या पतीला ३०० ते ९०० पर्यंत गुण दिले जातात. हप्ता चुकला की गुण घसरतात.

भांडवल वडिलार्जित असू शकते. पत ज्याची त्यालाच मिळवावी लागते. म्हणून स्वतःच्या नावाचे खाते उघडा, त्यात दरमहा थोडे का होईना टाका, उसने घेतलेले ठरल्या दिवशी परत करा. आणि न वाचता कोणाला जामीन राहू नका. ऋणकोने पैसे न दिल्यास ते जामीनदाराकडून वसूल होतात.

शेवटी एक गृहपाठ. घरात एखादे कर्ज असेल तर आज वडीलधाऱ्यांजवळ बसा, दर महिन्याचा की वर्षाचा ते विचारा आणि वर्षाचे व्याज मांडून त्यांना दाखवा. हा हिशेब घरात एकदा झाला, तर तुमचे शिक्षण त्याच दिवशी घराच्या उपयोगी पडले असे समजा.