दिवंगत वडिलांची जुनी पिकअप पुन्हा रस्त्यावर आणताना

वडिलांच्या पश्चात घरात राहणाऱ्या वस्तूंमध्ये मालवाहू पिकअपचे स्थान वेगळे असते, कारण ती कुटुंबासाठी आठवण असते, वारसांसाठी मालमत्ता असते आणि कायद्याच्या दृष्टीने ‘परिवहन वाहन’, म्हणजे व्यवसायासाठी माल वाहणारे व म्हणून वेळोवेळी तपासणीस बांधलेले वाहन असते. अशी गाडी पुन्हा चालू करण्याच्या खटपटीत बहुतेक वेळा आधी इंजिन सुरू केले जाते, मग रंग दिला जातो आणि कागदपत्रे व ब्रेक यांचा विचार शेवटी होतो. योग्य क्रम याहून वेगळा आहे: प्रथम कागद, मग चॅसिस, त्यानंतर ब्रेक व टायर, नंतर इंजिन आणि सर्वांत शेवटी रंग.

या प्रतिपादनाला आधार आहे तो निफाड तालुक्यातील एका कांदा उत्पादक कुटुंबाच्या, म्हणजे प्रस्तुत लेखकाच्या घरच्या, महिंद्रा पिकअपच्या दुरुस्तीचा. लासलगावच्या बाजार समितीत कांदा नेण्यासाठी वडिलांनी वापरलेली ही गाडी त्यांच्या निधनानंतर काही पावसाळे कांदाचाळीच्या आडोशाला उभी होती. २,५२३ घनसेंमी. क्षमतेचे तिचे डिझेल इंजिन यांत्रिक इंधन पंपावर चालणारे असल्यामुळे तालुक्याच्या गावातील मेकॅनिकलाही ते खोलून दुरुस्त करता येते; पण इंजिनाच्या या साधेपणामुळेच उरलेली गाडीही सहज मार्गी लागेल असा समज होतो, आणि तो धोक्याचा ठरतो.

कागदपत्रांच्या बाबतीत मुदती समजून घेणे आवश्यक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ५६ नुसार, मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांच्या आत वारसाने नोंदणी प्राधिकरणाला, म्हणजे व्यवहारात आरटीओला, मृत्यूची आणि वाहन स्वतः वापरण्याच्या इराद्याची माहिती दिल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत ते वापरता येते, आणि याच तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये हस्तांतरणाचा अर्ज करावा लागतो. दुःखाच्या दिवसांत या मुदती निघून जातात व पुढे विलंबाचा भुर्दंड सोसावा लागतो, म्हणून मृत्यूचा दाखला हाती येताच हे काम घरातील एका व्यक्तीकडे सोपवून टाकावे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार मृत्युपत्र नसल्यास आई, बहिणी आणि वडिलांची आई हयात असल्यास तीही वारस ठरतात. त्यामुळे गाडी मुलाच्या ताब्यात असली तरी इतर वारसांची लेखी संमती आधी घेणे नात्यांच्या व कायद्याच्याही हिताचे असते. गाडी कर्जावर घेतलेली असेल, तर कर्ज फिटले असूनही नोंदणी प्रमाणपत्रावर वित्तसंस्थेचा बोजा तसाच राहिलेला असू शकतो आणि तो उतरवण्यासाठी संस्थेच्या ना-हरकत पत्रासह नमुना ३५ द्यावा लागतो. नोंदणी प्रमाणपत्रावर वारसाचे नामनिर्देशन करण्याची सोय २०२१ पासून उपलब्ध असल्याने, ज्यांचे वडील आज हयात आहेत त्यांनी ती वापरून घ्यावी.

यानंतर, कोणताही सुटा भाग विकत घेण्यापूर्वी, चॅसिस तपासावी. चॅसिस म्हणजे गाडीचा सगळा भार पेलणारा लोखंडी सांगाडा. त्यावर कोरलेला क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी जुळला पाहिजे. गंज घालवण्याच्या नादात हा क्रमांक ग्राइंडरखाली गेला, तर आरटीओत गाडीची ओळख पटवणेच अवघड होते. कांदा, भाजीपाला, खत यांची वाहतूक करणाऱ्या गाड्यांत हौद्याखाली ओलावा साचत राहतो, म्हणून पाट्यांचे शॅकल जिथे चॅसिसला जोडलेले असतात तो भाग हातोडीने हलकेच ठोकून पाहावा: निरोगी लोखंड खणखणीत वाजते, तर आतून खाल्लेले लोखंड बद्द आवाज करते व त्याचे पापुद्रे सुटतात. चॅसिस अनेक ठिकाणी सडलेली असेल, तर त्या गाडीवर खर्च करू नये आणि ती नोंदणीकृत भंगार केंद्राकडे सोपवावी; आठवण जपण्याचे इतर मार्ग आहेत.

सर्वांत फसवा भाग ब्रेकचा. उपरोक्त पिकअपमध्ये गाडी उभी असताना ब्रेकचे पेडल घट्ट लागत होते, पण आवारातच थोडे अंतर चालवून पुन्हा पुन्हा दाबल्यावर ते खाली बसत गेले. मागच्या चाकाचा ड्रम काढल्यावर कारण डोळ्यांसमोर आले: व्हील सिलिंडरच्या, म्हणजे तेलाच्या दाबाने ब्रेक शू बाहेर ढकलणाऱ्या छोट्या नळकांड्याच्या, तोंडावरील रबर फुगून फाटले होते, आतून गढूळ तपकिरी द्रव पाझरत होता, लायनर त्यात भिजले होते आणि सिलिंडरच्या आतील भिंतीवर गंजाचे बारीक खड्डे पडले होते. नेहमी वापरले जाणारे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते; ‘डॉट ३’ प्रतीच्या कोऱ्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, मात्र ओलावा शोषलेल्या तेलासाठी ही किमान मर्यादा केवळ १४० अंश इतकी धरली जाते. घाटात सतत ब्रेक दाबून तेल तापले की त्यातील पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल दाबूनही चाक थांबत नाही. म्हणून बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीत वरून नुसते नवे तेल ओतणे किंवा रबराचे किट बदलणे पुरेसे नसून, मास्टर सिलिंडर, चारही चाकांकडील भाग, रबरी होज आणि गंजलेले पाइप तपासून खराब झालेले सरळ नवे बसवावेत. अनेक डिझेल गाड्यांत अल्टरनेटरला जोडलेला व्हॅक्यूम पंप ब्रेकच्या बूस्टरला साहाय्य करतो, आणि तो निकामी असल्यास पेडल दगडासारखे कडक होते, हेही ध्यानात ठेवावे.

टायरची नक्षी शाबूत दिसली तरी रबर वयाने कडक होते. टायरच्या बाजूवरील चार अंकांपैकी पहिले दोन निर्मितीचा आठवडा व पुढचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे ‘१५१२’ याचा अर्थ २०१२ सालचा पंधरावा आठवडा. बाजूला भेगा पडलेला टायर नक्षी १.६ मिलिमीटरच्या कायदेशीर किमान खोलीपेक्षा जास्त असली तरी भरल्या गाडीखाली वापरू नये. उंदरांनी कुरतडलेले वायरिंग तुकड्यातुकड्याने जोडण्याऐवजी पूर्ण हार्नेस बदलणे आगीच्या दृष्टीने सुरक्षित असते.

इंजिनाच्या बाबतीत घाई सर्वांत महाग पडते. गाडीला धक्का मारून किंवा दुसऱ्या बॅटरीवरून स्टार्टर फिरवून ते लगेच सुरू करू पाहिल्यास सिलिंडरला चिकटलेल्या पिस्टनच्या रिंगा तुटू शकतात. त्याऐवजी नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, ते मुरू द्यावे आणि मग क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने फिरवून पाहावे. जुने इंजिन ऑइल काढल्यावर ते दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे असे समजून हेड गॅसकेट तपासावे. डिझेलच्या टाकीतील तळाचे पाणी व गाळ पूर्ण काढून, टाकी धुऊन, फिल्टर बदलल्यावरच पंपाकडे नवे डिझेल सोडावे, अन्यथा गंजाचे कण नोझलपर्यंत पोहोचून कॅलिब्रेशनचा, म्हणजे पंपाने सोडायच्या डिझेलचे मोजमाप लावण्याचा, सगळा खर्च वाया जातो.

अखेरीस योग्यता प्रमाणपत्राचा, म्हणजे वाहनचालकांच्या बोलीतील ‘पासिंग’चा टप्पा येतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५६ नुसार वैध योग्यता प्रमाणपत्र नसलेले परिवहन वाहन वैधरीत्या नोंदणीकृत मानले जात नाही, आणि आठ वर्षांहून जुन्या वाहनाला हे प्रमाणपत्र दर वर्षी घ्यावे लागते. पंधरा वर्षांवरील वाहनांचे तपासणी शुल्क १ एप्रिल २०२२ पासून वाढले आहे. शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर व १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी लागू असल्याने हा खर्च आधीच हिशेबात धरावा. इंजिन बदलले किंवा गाडीचा रंग पालटला तर त्याची नोंदही प्रमाणपत्रात करून घ्यावी. विमा मृत व्यक्तीच्या नावावर ठेवून गाडी रस्त्यावर आणणे हे अपघात झाल्यास आपल्यापेक्षा समोरच्या कुटुंबावर अधिक अन्याय करणारे ठरू शकते. म्हणून पासिंग व विमा होईपर्यंत चाचणी स्वतःच्या आवारातच घ्यावी आणि तपासणीस नेताना गाडी दुसऱ्या वाहनावर लादून न्यावी.

वडिलांविषयीची माया रंगात आणि हौद्यावरील नावात व्यक्त होण्यापूर्वी ती ब्रेकच्या पाइपांत, टायरमध्ये आणि कागदांत व्यक्त व्हायला हवी, कारण रस्त्यावर गाडीसमोर येणाऱ्या माणसाला तिच्या रंगाचा काहीच उपयोग नसतो. म्हणून ज्यांच्या दारात अशी गाडी उभी आहे त्यांना विनंती अशी की, पैसा अपुरा असेल तर रंग पुढच्या वर्षावर टाकावा. ब्रेक, टायर किंवा कागद यांपैकी एकही गोष्ट मात्र अपुरी ठेवून ती गाडी रस्त्यावर आणू नये.