कसोटीचा आठवडा

सोन्याची पारख करावयाची झाल्यास सराफ ते कसोटीच्या दगडावर घासून पाहतो. कस उतरला नाही, तर दागिन्याची घडण कितीही सुबक असली तरी तिचा उपयोग काय? शास्त्रज्ञांनाही आपल्या उपकरणांची अशीच पारख करावी लागते.

जिनिव्हा शहराजवळ सर्न ही संशोधनसंस्था १९५४ साली स्थापन झाली. तेथे जमिनीखाली २७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यात प्रोटॉनांची टक्कर घडविणारे प्रचंड यंत्र आहे. टकरीतून उधळणाऱ्या कणांचा माग काढण्यासाठी त्या स्थानाभोवती सिलिकॉनच्या पातळ पट्ट्या बसवितात. प्रत्येक पट्टीवर चिमुकल्या घरांची जाळी असते. या घरांना पिक्सेल म्हणतात. सीएमएस या प्रयोगासाठी २०१७ साली बसविलेल्या कणशोधकात अशी सुमारे १२ कोटी ४० लाख घरे होती. एकेक घर १०० मायक्रोमीटर रुंद व १५० मायक्रोमीटर लांब! मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. विद्युत्भारित कण घरातून गेला, की तेथे क्षीण विद्युत्संकेत उमटतो आणि कणाची वाट कळते.

हा शोधक यंत्राच्या अगदी गाभ्यात असतो. तो वाटेल तेव्हा बाहेर काढून दुरुस्त करता येत नाही. म्हणून त्याची परीक्षा आधीच घेणे भाग पडते. जर्मनीतील हॅम्बर्ग येथील डेसी या संस्थेत अशा परीक्षेसाठी इलेक्ट्रॉनांचा झोत मिळतो.

परंतु परीक्षक कोण? नवी पट्टी स्वतःची परीक्षा घेऊ शकत नाही. जो कण तिला दिसलाच नाही, त्याची नोंद ती कशी करील? यासाठी सहा विश्वासू पट्ट्या एका ओळीत मांडतात, तीन पुढे व तीन मागे. या मांडणीला दुर्बीण असेच म्हणतात, जरी तिच्यातून तारे दिसत नाहीत. मध्ये नवी पट्टी ठेवतात. सहा बिंदू जोडले, की कण मधल्या पट्टीच्या कोणत्या ठिकाणाहून गेला असला पाहिजे हे समजते. मग पाहावयाचे, की तेथे नव्या पट्टीने साक्ष दिली की नाही. १००० कणांपैकी ९९० कणांची साक्ष मिळाली, तर तिची कार्यक्षमता ९९ टक्के झाली.

खरी कसोटी मात्र माणसांच्या पूर्वतयारीची असते. झोत मागणारे गट अनेक, म्हणून तो आठवड्यांच्या हिशेबाने वाटून दिला जातो. तुमची तयारी असो वा नसो, आठवडा सरतोच. त्यामुळे गणित आधीच मांडावे लागते. समजा, घराचा मध्य व कोपरे सारखेच जागरूक आहेत का, हे पाहण्यासाठी घराचे १०० भाग कल्पिले आणि प्रत्येक भागातून १००० कण जाणे आवश्यक मानले. तर एका मोजणीस १ लाख कण हवेत. विद्युत्दाब पाच प्रकारचे व पट्टीचे कोन चार, म्हणजे वीस मोजण्या आणि २० लाख कण. एवढा वेळ नसेल, तर कोणता प्रश्न प्रथम विचारावयाचा हे घरीच ठरविले पाहिजे.

किरणांचा मारा सोसलेल्या पट्ट्या गोठणबिंदूखाली थंड ठेवाव्या लागतात. दमट हवेने त्यांवर दव धरू नये, म्हणून कोरडा वायूही लागतो. जादा तारा, जादा पट्ट्या, रात्रंदिवसाच्या पाळ्या, नोंदवही, यांतील एक गोष्ट विसरली तरी अमूल्य तास वाया जातात. झोत सोडण्यापूर्वी खोलीत कोणी राहिलेले नाही याची खात्री करून दार बंद करणे, हा तर पहिला नियम होय.

आणि पट्टी नापास झाली तर? तो आठवडा फुकट गेला असे समजू नये. कसोटीवर उघडा पडलेला दोष सुधारता येतो. झाकून ठेवलेला दोष मात्र पुढे साऱ्या प्रयोगाला नडतो. परीक्षेला भिणाऱ्या मुलांनीही हे ध्यानात ठेवावे.

स्वाध्याय
१. नवी पट्टी स्वतःची परीक्षा का घेऊ शकत नाही?
२. विद्युत्दाब सहा प्रकारचे व कोन पाच असतील, तर एकूण किती कण लागतील?
३. ‘आठवडा सरतोच’ या वाक्यातील ‘च’ने कोणता अर्थ व्यक्त होतो?