पेरणीआधी ठरवायची चाचणी

अगं पोरी, थिसिसचे आकडे घेऊन येणारा जो तो आधी विचारतो, "मॅडम, कोणती टेस्ट लावू?" मी म्हणते, आकडे राहू देत, आधी लेआउट दाखव. कोणत्या वाफ्यात कोणती ट्रीटमेंट येणार याच्या चिठ्ठ्या तू जशा काढल्यास, त्यावरून टेस्ट बरीचशी ठरलेली असते. कॉम्प्युटरवर बसून ती नव्यानं निवडायला गेलीस की घोटाळा सुरू.

डार्विनचे मके घे. परपरागणाची रोपं स्वपरागणाच्या रोपांपेक्षा उंच वाढतात का, हे त्याला बघायचं होतं. एकाच कुंडीत समोरासमोर एक हे, एक ते अशा जोड्या लावल्या. एकूण १५ जोड्या. आकडे १८७६च्या पुस्तकात छापले. गॉल्टननं ते उंचीच्या क्रमानं पुन्हा मांडले आणि जोड्या मोडल्या. फिशरनं १९३५ साली 'द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स'मध्ये त्याला त्यावरून फटकारलं आणि मूळ जोड्यांवर पेअर्ड टी-टेस्ट लावली. टी आला २.१४८, १४ डिग्रीज ऑफ फ्रीडमला ५ टक्क्यांची रेघ आहे २.१४५. पी-व्हॅल्यू ४.९७ टक्के, म्हणजे काठावर पास. मग त्यानंच त्याच आकड्यांच्या अधिक-उणे चिन्हांच्या सगळ्या ३२,७६८ शक्यता तपासल्या, तर उत्तर ५.२७ टक्के. रेघेच्या पलीकडे!

आता गंमत बघ. जोड्या विसरून साधी दोन गटांची टी-टेस्ट लावली तर पी २ टक्क्यांच्या आसपास येते. नुसती चिन्हं मोजली, १३ जोड्यांत परपरागणाचं रोप उंच आणि दोनांत उलट, तर १ टक्क्याच्याही खाली. चार टेस्ट, चार उत्तरं. आवडेल ते उचलायची मुभा असेल तर कोण ५.२७ उचलेल? लागवड जोडीनं केलीस की टेस्टही जोडीचीच. दुसरी कितीही छान पी देवो, तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. म्हणून टेस्टचं नाव सिनॉप्सिसमध्येच लिहून टाक, पेरणीआधी.

सगळ्यात जास्त थिसिस कुठे अडकतात सांगू? मोजायचं एकक चुकतं. वाफ्यात पाच झाडांना खुणेच्या चिठ्ठ्या बांधायच्या, चार रेप्लिकेशन, म्हणजे एका ट्रीटमेंटची २० झाडं, आणि मग टी-टेस्टमध्ये एन घालायचा २०. अगं, खत झाडाला दिलंस की वाफ्याला? वाफ्याला ना? मग एन चार. पाच झाडांची सरासरी काढ, तो त्या वाफ्याचा एक आकडा. एकाच वाफ्यातली झाडं एकच ओल, एकच माती वाटून घेतात. ती पाच स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. हर्लबर्टनं १९८४ साली या चुकीला स्यूडोरेप्लिकेशन नाव दिलं, तरी ती काही थांबली नाही. शेळ्यांच्या गोठ्यातही तेच. खुराक अख्ख्या कप्प्याला दिला असेल तर एकक कप्पा, शेळी नव्हे. हे एवढं पक्कं झालं की उरलेलं कोणतंही पुस्तक सांगेल; पानसे-सुखात्मे तर १९५४ पासून आपल्या कॉलेजांच्या कपाटात आहेच.

बाकीचं भराभर सांगते. आरबीडी असेल तर ब्लॉक अनोवात घालायचेच, सिग्निफिकंट आले नाहीत म्हणून काढायचे नाहीत. एरर डीएफ १२च्या खाली जाऊ देऊ नकोस. सात ट्रीटमेंट, तीन रेप्लिकेशन असले की नेमके १२ मिळतात. नॉर्मॅलिटी बघायची ती रेसिड्युअल्सची, कच्च्या उत्पन्नाची नव्हे. किडींची मोजणी असेल तर वर्गमुळाचं रूपांतर चालतं. रोगाचे ० ते ९ गुण असतील तर क्रुस्कल-वॉलिस. पण ब्लॉक असतील तर फ्रिडमन. काय-स्क्वेअरमध्ये टक्के कधी भरू नकोस, खरी मोजदादच हवी, आणि अपेक्षित संख्या ५च्या खाली जायला लागल्या की फिशरची एक्झॅक्ट टेस्ट.

सीडीचं, म्हणजे क्रिटिकल डिफरन्सचं, मात्र जरा थांबून ऐक. बारा ट्रीटमेंट म्हणजे ६६ जोड्या. कशातच काही फरक नसला तरी ५ टक्क्यांच्या हिशेबानं सरासरी तीनेक जोड्या सिग्निफिकंट निघतात. त्या तिघींवर प्रकरण लिहिणारे मी पाहिलेत. आधी एफ बघ. कंट्रोलशीच तुलना करायची असेल तर डनेट, सगळ्यांची सगळ्यांशी असेल तर टुकी. आणि जी तुलना मनात धरून प्रयोग मांडलास, ती आधीच लिहून ठेव.

पी ०.०४ आली म्हणजे तुझं म्हणणं ९६ टक्के खरं, असं व्हायव्हात म्हणू नकोस, परीक्षक तिथंच धरतील. ट्रीटमेंटनं काहीच फरक पडत नसता आणि मॉडेल बरोबर असतं, तर इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगानं किती वेळा दिसला असता, एवढंच ती सांगते. फरक शेतकऱ्याच्या कामाचा आहे का, हे तिला विचारायचंच नाही. त्यासाठी क्विंटलमधला फरक आणि त्याचा कॉन्फिडन्स इंटरव्हल दे. डार्विनच्या मक्यांचा सरासरी फरक २.६ इंच होता आणि ९५ टक्के इंटरव्हल जवळजवळ शून्यापासून सव्वापाच इंचांपर्यंत. वाचणाऱ्याला त्यातून काय ते कळतं.

आणि ते 'ॲट पार'! फरक सिग्निफिकंट नाही आला की सगळे लिहितात, दोन्ही ट्रीटमेंट ॲट पार, आणि शिफारस करतात की स्वस्त ती वापरा. तीन रेप्लिकेशनच्या प्रयोगात हेक्टरी उणे ३ ते अधिक ८ क्विंटल असा इंटरव्हल आला, तर त्या दोघी सारख्या आहेत हे तुला कुठून कळलं? तिथं लिही, 'या प्रयोगातून फरक ठरवता आला नाही', आणि शेजारच्या रकान्यात तो इंटरव्हल छाप. गाईड कुरकुरले तर माझं नाव सांग.