नाव यादीत लागलं, पण करार झाला का? ड्राफ्टमधल्या शेवटच्या खेळाडूंकडून शिकायचा धडा



या आठवड्याचा व्हिडिओ बास्केटबॉलवर आहे म्हटल्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, चॅनेल बदललं की काय?" नाही बदललं. मागच्या बॅचला दौंडहून आलेल्या एका भावाचा प्रश्न होता: "एमआयडीसीतल्या एका कंपनीत माझं नाव व्हेंडर लिस्टला लागलंय, कोडपण मिळाला. आता कर्ज काढून मशीन घेऊ का?"

मी त्याला लगेच हो किंवा नाही म्हटलं नाही. आधी दोन खेळाडूंची गोष्ट सांगितली. व्हिडिओत ती भरभर सांगून झाली, म्हणून इथे निवांत लिहून देतोय. वही घेऊन बसा.

दोन खेळाडू, दोन वाटा

पहिला सतनाम सिंग. पंजाबमधल्या बर्नाला जिल्ह्यातल्या बल्लो के गावचा, शेतकऱ्याचा मुलगा, उंची सात फूट दोन इंच. २०१० मध्ये शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेला. जून २०१५ मध्ये एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वात मोठ्या बास्केटबॉल लीगच्या, ड्राफ्टमध्ये डॅलस मॅव्हरिक्स संघाने त्याचं नाव ५२ व्या क्रमांकावर पुकारलं. भारतात जन्मलेला खेळाडू ड्राफ्टमध्ये निवडला जायची ही पहिलीच वेळ. देशभर बातम्या झाल्या. पुढे तो डॅलसच्या जोडीच्या खालच्या लीगमधल्या टेक्सस लेजेंड्स संघात खेळला. एनबीएचा एकही सामना मात्र त्याला खेळायला मिळाला नाही.

दुसरा सिम भुल्लर. कॅनडात जन्मलेला, पंजाबी कुटुंबातला. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव कुणीच घेतलं नाही. पण एप्रिल २०१५ मध्ये सॅक्रामेंटो किंग्जने त्याला दहा दिवसांचा करार दिला आणि तो मैदानात उतरला. एनबीएत खेळलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू तोच.

म्हणजे बघा, ज्याचं नाव यादीत लागलं तो खेळला नाही आणि ज्याचं लागलं नाही तो खेळला. असं का झालं? कारण निवड वेगळी आणि करार वेगळा. आजचा धडा एवढाच आहे.

ड्राफ्ट म्हणजे नेमकं काय?

एनबीएत ३० संघ आहेत. दरवर्षी नवे खेळाडू वाटून घ्यायला दोन फेऱ्या होतात, साधारण ६० नावं पुकारली जातात. आधीच्या हंगामात मागे पडलेल्या संघांना वरचे क्रमांक मिळावेत अशी रचना असते. संघाने नाव पुकारलं म्हणजे त्याने खेळाडूला नोकरी दिली असं नाही. त्याने फक्त हक्क घेतला: "एनबीएत याच्याशी बोलणी करायची तर फक्त आम्ही करणार. बाकी २९ संघांनी हात लावायचा नाही."

आता दोन फेऱ्यांतला फरक लिहून घ्या.

पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा पगार ठरलेल्या तक्त्यावर असतो. करार चार वर्षांपर्यंतचा. त्यातली पहिली दोन वर्षं पक्की. तिसरं आणि चौथं वर्ष ठेवायचं की नाही हे संघ ठरवतो.

दुसऱ्या फेरीतल्या खेळाडूला असा तक्ताच नाही. पगार किती, वर्षं किती, हमी किती, सगळं बोलणीवर. संघाला हक्क टिकवायचा असेल तर त्याने ठरलेल्या तारखेच्या आत एक वर्षाच्या कराराचा प्रस्ताव द्यावा लागतो. पण तो किमान पगाराचा चालतो आणि त्यात हमी नसली तरी चालते. म्हणजे संघाचा खर्च एका कागदाचा, आणि खेळाडू मात्र अडकला!

म्हणून ५५ व्या क्रमांकाच्या आसपास आलं की काही खेळाडूंचे एजंट मनात म्हणतात, "आमच्या पोराचं नाव नाही पुकारलं तर बरं." न पुकारलेला खेळाडू तिसाही संघांशी बोलू शकतो आणि जिथे जागा रिकामी दिसते तिथे जातो. पुकारलेल्याला एकच दार असतं.

बाहेर खेळायला गेला तर?

संघाने निवडलं पण जागा नाही, तर खेळाडू दुसऱ्या देशात खेळायला जातो. तिथला करार संपल्यावरही पुढे एक वर्ष त्याचा एनबीएतला हक्क त्याच संघाकडे राहतो. अर्जेंटिनाचा मनू जिनोबिली याला सॅन अँटोनियोने १९९९ मध्ये ५७ व्या क्रमांकावर घेतलं. तो इटलीत खेळत राहिला आणि २००२ मध्ये आला. पुढे त्याच संघासोबत चार विजेतेपदं जिंकला.

या उदाहरणात एक गोष्ट टिपा. वाट बघायच्या त्या तीन वर्षांत जिनोबिली घरी बसला नव्हता. इटलीतला संघ त्याला पगार देत होता आणि त्याचा खेळ वाढत होता. हक्क एकाकडे असला तरी चूल दुसरीकडून पेटत होती.

कराराचे प्रकार: हमी कुठे असते ते बघा

१. बिनहमीचा करार. संघाने मध्येच काढलं तर तेवढ्याच दिवसांचे पैसे. १० जानेवारीपर्यंत संघात टिकला की उरलेल्या हंगामाचा पगार पक्का होतो.

२. टू-वे करार. २०१७ पासून सुरू झाला. खेळाडू वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही लीगमध्ये ये-जा करतो. पगार नवख्या खेळाडूच्या किमान पगाराच्या निम्मा.

३. ऑप्शन. शेवटचं वर्ष चालू ठेवायचं की नाही, हा हक्क एकाच बाजूला. तो कुणाच्या हातात आहे यावर खेळ ठरतो.

ऑप्शनचं उत्तम उदाहरण सर्बियाचा निकोला योकिच. डेन्व्हरने त्याला २०१४ मध्ये ४१ व्या क्रमांकावर घेतलं. आणखी एक वर्ष तो सर्बियातच खेळला, मग आला. २०१८ मध्ये संघाकडे ऑप्शन होता: सुमारे १६ लाख डॉलरमध्ये आणखी एक वर्ष. म्हणजे फुकटातच म्हणा. तरी संघाने तो सोडला! कारण ते वर्ष वापरलं असतं तर पुढच्या उन्हाळ्यात योकिच पूर्ण मोकळा झाला असता. आधीच सोडल्यामुळे दुसऱ्या कुणी बोली लावली तरी ती जुळवायचा हक्क डेन्व्हरकडे राहिला. मग त्यांनी त्याला पाच वर्षांसाठी सुमारे १४.८ कोटी डॉलर दिले. २०२३ मध्ये डेन्व्हर विजेता झाला.

स्वस्तात एक वर्ष ताणण्यापेक्षा माणूस टिकवणं फायद्याचं ठरलं. आपल्या दुकानातल्या चांगल्या कारागिराच्या बाबतीतही हे गणित मांडून बघा.

आपल्याकडे काय? कबड्डी बघा

प्रो कबड्डीत ड्राफ्टऐवजी लिलाव असतो, पण हक्काचा मुद्दा तोच. २०२४ च्या लिलावात अ गटाची मूळ किंमत ३० लाख होती आणि ड गटाची ९ लाख. शिवाय संघाकडे 'फायनल बिड मॅच' कार्ड असतं. आपल्या जुन्या खेळाडूवर दुसऱ्याने शेवटची बोली लावली की तेवढेच पैसे देऊन त्याला परत घेता येतं.

आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार पुणेरी पलटणमध्ये आला तो तरुण खेळाडूंच्या योजनेतून. मोठ्या बोलीचा गाजावाजा नव्हता. पुढे कर्णधार झाला आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादच्या अंतिम सामन्यात पलटणने हरियाणाला २८-२५ ने हरवून पहिल्यांदा विजेतेपद घेतलं.

चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये यू मुंबाकडे ३६.४ लाखांत गेला, हंगाम गाजवला आणि २०१९ मध्ये तेलुगू टायटन्सने त्याला १.४५ कोटींना घेतलं. तो पुन्हा लिलावात आला म्हणून भाव नव्याने ठरला. भाव वाढायला माल चांगला लागतोच, पण बाजारात परत उभं राहायची मोकळीकही लागते.

आता शिरूर-दौंडला परत येऊ

व्हेंडर कोड म्हणजे ड्राफ्ट. कंपनीने तुमचं नाव पुकारलं. रेट ठरला म्हणजे प्रस्ताव आला. पीओ हातात आला, त्यात नग आणि तारीख लिहिली, तेव्हा कुठे करार झाला.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. ट्रेनिंगमध्ये येण्याआधी शिरूरला माझं लाकडी पॅलेट आणि पॅकिंग बॉक्सचं छोटं युनिट होतं. एका कंपनीने कोड दिला आणि कागदावर एक ओळ घातली: त्यांच्या स्पर्धक कंपनीला माल द्यायचा नाही. मी खुशीत सही केली. जुनं गिऱ्हाईक सोडलं, शेड वाढवलं, दोन माणसं जास्त घेतली. सात महिने ऑर्डर आली नाही. शेडचं भाडं मात्र दर महिन्याला गेलं. कंपनीने मला फसवलं नव्हतं, कारण कागदावर त्यांनी काहीच कबूल केलं नव्हतं. कबूल फक्त मी केलं होतं. सतनामचं वाचताना मला ते शेड आठवलं.

म्हणून सही करण्याआधी हे चार प्रश्न:

- हक्क कुणाला मिळाला? तुम्ही दुसऱ्याला माल देऊ शकता का? नसेल, तर किती दिवस? बंधनाला तारीख पाहिजेच.
- हमी कुणाला मिळाली? महिन्याला कमीत कमी किती नग, हे लिहिलंय का? बंधन घालायचं असेल तर त्यांनी किमान ऑर्डर द्यावी. हा सौदा सरळ आहे, मागायला लाजू नका.
- मुदत वाढवायचा ऑप्शन कुणाकडे? फक्त त्यांच्याकडे असेल तर जुना रेटही त्यांच्याच सोयीने चालत राहील. वाढीव मुदतीत रेट पुन्हा ठरेल, असं लिहून घ्या.
- तोपर्यंत चूल कशावर पेटणार? जिनोबिली आठवा.

कायद्याचंही थोडं. भारतीय करार कायदा १८७२, कलम २७ मुळे करार संपल्यावर धंदाच करू नको असं बंधन साधारणपणे टिकत नाही. पण करार चालू असतानाचं बंधन टिकू शकतं, म्हणून कागद वकिलाला दाखवा. आणि उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे घेणाऱ्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, असं २००६ चा एमएसएमईडी कायदा सांगतो. मात्र हे संरक्षण दिलेल्या मालाला आहे. न आलेल्या ऑर्डरला कोणताच कायदा नाही.

त्या भावाचं काय झालं?

त्याने परत जाऊन परचेसवाल्यांना विचारलं, "साहेब, तीन महिन्यांचं शेड्यूल लिहून देता का?" त्यांनी दिलं, पण त्याने धरलं होतं त्याच्या निम्म्याहून कमी नगांचं. सध्या तो ओळखीच्या वर्कशॉपमधून जॉबवर्क करून घेतो आणि माल पोचवतो. मार्जिन कमी आहे, पण हप्ता नाही. मशीन अजून घेतलेलं नाही.

गृहपाठ: तुमच्याकडचा कुठलाही एक करार किंवा पीओ काढा. दोन रंगांचे पेन घ्या. त्यांना मिळालेला प्रत्येक हक्क लाल करा, तुम्हाला मिळालेली प्रत्येक हमी हिरवी करा. पान नुसतंच लाल दिसलं, तर समजा तुमचं नाव फक्त पुकारलं गेलंय. मशीनचं कोटेशन तोवर ड्रॉवरमध्येच राहू द्या.

भेटू पुढच्या व्हिडिओत. काळजी घ्या, आणि वाचल्याशिवाय सही करू नका!