तरवडाचे लाड नकोत

अगं, अंगणाच्या कडेला नुसता मुरूम, तिथं काहीच जगत नाही म्हणून परवा फोनवर कुरकुरत होतीस ना? तिथं तरवड लाव. नवरात्रात घटावर ज्याच्या पिवळ्याधमक फुलांची माळ चढते, तोच.

नर्सरीच्या नादी लागू नकोस. पिवळं फूल दाखवून भलतंच झाड गळ्यात मारतात. ओळख सांगते. पानाचा देठ फांदीला जिथं चिकटतो तिथं बघ, हिरवे गोल कान दिसतील. कान नसतील तर तो तरवड नव्हे. शेंग चपटी, कागदासारखी; वाळली की आतली एकेक बी बोटाला लागते. माळावरून अशा मूठभर शेंगा आण. रोप मात्र उपटून आणू नकोस. याचं सोटमूळ आधी खोल जातं, ते तुटलं की रोप गेलंच.

बी भारी टणक. सासूबाई पाणी उकळून खाली उतरवायच्या, त्यात बी टाकून रात्रभर ठेवायच्या. सकाळी फुगलेलं पेरायचं; न फुगलेलं खरबरीत दगडावर घासून पुन्हा भिजत घालायचं. मृगाचा पाऊस झाला की जागेवरच, अर्ध्या पेराएवढं खोल, एका खड्ड्यात तीन बिया. दोन खड्ड्यांत चार-पाच फूट सोड.

शेणखत नको. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला तांब्याभर पाणी, पुढं तेही बंद. मी एकदा हौसेनं मोरीच्या पाण्यावर, काळ्या मातीत लावला होता. पानं पिवळी पडली, उपटून बघितला तर मुळं कुजलेली.

पावसाळ्यात पानांवर हिरव्या अळ्या दिसतील. औषध मारू नकोस, त्यांचीच पिवळी फुलपाखरं होतात; पानं काय, पुन्हा फुटतात. फुलाला लोंबकळून काळा भुंगा घूं करतो तेव्हा कुठे पराग झडतो, तेवढं एकदा जवळ जाऊन बघ. गुरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणजे कुंपणाचा खर्च वाचला. फूल येतं नव्या फुटव्याच्या शेंड्याला, म्हणून झाड थोराड झालं की वैशाखात गुडघ्याएवढं छाटत जा.

शेजारच्या तेलंगणात हे राज्यफूल आहे, बतुकम्माच्या सणात ही फुलं मानानं रचतात. आपल्याला आठवण येते ती घट बसवायच्या आदल्या दिवशी!

यंदाची माळ बाजारातूनच आण. घरची फुलं दुसऱ्या-तिसऱ्या नवरात्रात मिळतील.