कारहुणवीच्या आधी देवणी दावणीला नीट बघून घ्या

रोहिण्या संपत आल्या आहेत आणि मृग तोंडावर आहे. औराद-भालकीकडे आणि आळंदच्या बाजूला आता कारहुणवीची, म्हणजे बैलांच्या सणाची, तयारी सुरू होईल. शिंगे रंगवायची, झूल काढायची, बैलाला ओढ्यावर नेऊन धुवायचे. त्याच दिवशी अर्धा तास जास्त काढून जनावर नीट न्याहाळा, एवढीच माझी विनंती आहे. देवणी ही आपल्या बालाघाटच्या डोंगरातली जात आहे. जुनी माणसे तिला डोंगरी किंवा डोंगरपट्टी म्हणतात. इथल्या गावरान जनावरात गीर आणि डांगीचे रक्त मिसळून ती घडली. नाव लातूर जिल्ह्यातल्या देवणी गावाचे असले, तरी बिदर जिल्हा हे तिचे तितकेच जुने घर आहे.

आधी ओळख पक्की करू, कारण बाजारात फसगत तिथेच होते. रंगावरून देवणीचे तीन प्रकार मानतात. अंगभर पांढरा तो बालंक्या. अंग पांढरे आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या तो वाणेरा. पांढऱ्या अंगावर वेडेवाकडे काळे ठिपके तो शेवरा. या शेवऱ्याच्या नावाखाली होल्स्टीनची संकरित कालवड गळ्यात मारली जाते, कारण तीही काळी-पांढरीच असते. म्हणून रंग शेवटी बघा. आधी वशिंड बघा, देवणीचे ते बेताचे पण स्पष्ट असते. मग गळ्याखालची पोळी हातात धरा, ती जाड आणि लोंबती हवी. कपाळ रुंद, किंचित पुढे आलेले असते. कान लांब आणि खाली पडलेले असतात, टोक थोडे वळते, पण गीरच्या कानाला असते तशी खाच नसते. शिंगे मध्यम, डोक्याच्या बाजूने निघून बाहेर आणि वर वळलेली, टोकाला बोथट. खूर काळे आणि टणक. संकरित गाईला वशिंड जवळजवळ नसते आणि कान आखूड, आडवे असतात. या दोन खुणा ध्यानात ठेवल्या तर हाळी-हंडरगुळीच्या बाजारातही कुणी तुम्हाला चकवणार नाही.

दुधाचा हिशेब स्पष्ट करून ठेवतो. देवणी एका वेताला सरासरी साडेआठशे ते नऊशे लिटर दूध देते, म्हणजे दिवसाला तीन लिटरच्या आसपास. चांगल्या गाई बाराशेपर्यंत जातात. फॅट सव्वाचारच्या घरात लागते. दोन वेतांमध्ये साधारण पंधरा महिन्यांचे अंतर पडते. संकरित गाईशी नुसत्या लिटरची तुलना करणाऱ्याला ती परवडत नाही असे वाटेल. पण याच गाईचा गोऱ्हा पुढे काळ्या रानात कुळव आणि पाभर ओढतो, आणि मे महिन्याच्या उन्हात ती कमी चाऱ्यावर तग धरते. दूध आणि काम ही दोन्ही खाती एकत्र मांडूनच तिचा भाव ठरवावा, असे माझे ठाम मत आहे.

आता हंगामाचे काम. श्रावण-भाद्रपदात हिरवा चारा पोटात गेला की गाई माजावर येतात. गाभण काळ नऊ महिने आणि वर आठ-दहा दिवसांचा, म्हणजे त्या व्यायला येतात नेमक्या वैशाख-ज्येष्ठात, कडब्याची गंजी तळाला लागलेली असते तेव्हा. आपल्याकडच्या बऱ्याच गाई म्हणूनच वेताच्या सुरुवातीलाच मागे पडतात. आज तुमची गाय सात-आठ महिन्यांची गाभण असेल तर तिला आतापासून रोज एक ते दीड किलो पेंड-भरडा आणि खनिज मिश्रण सुरू करा. व्यायल्यानंतर तासा-दोन तासांत वासराला चीक पाजा. वीस किलोच्या वासराला पहिल्या दिवसात दोन लिटर चीक जायला हवा. तो विकू नका, खरवसासाठीही अडवू नका. देवणी गाय वासराशिवाय पान्हा सोडायला कुरकुरते. वासरू गेले की दूधही गेले.

चाऱ्याची मोजणी आजच करा. मोठ्या गाईला दिवसाला सात-आठ किलो कोरडा चारा लागतो. त्यात सहा किलो कडबा धरला तर हिरवा चारा येईपर्यंतच्या अडीच महिन्यांना एका गाईला साडेचारशे किलो कडबा हवा. उरलेली गरज तुरीच्या भुसकटावर भागवा. कलबुर्गी तर तुरीचाच जिल्हा. शेंगांची टरफले आणि पाला असलेले भुसकट जनावरे आवडीने खातात. कित्येक ठिकाणी ते बांधावर भिजून कुजते, याचे वाईट वाटते. मृगाच्या पहिल्या सरीनंतर ज्वारीच्या धाटाला फुटलेले कोवळे कोंब मात्र जनावराला चारू नका. त्यात विष असते, त्यालाच आपण किराळ लागणे म्हणतो, आणि तासाभरात जनावर दगावते.

घटसर्प आणि फऱ्याची लस पाऊस सुरू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी टोचून घ्यायची असते. राहिली असेल तर उद्याच दवाखान्यात जा. लाळ्या-खुरकूत आणि लम्पीच्या लसीचे वेळापत्रकही तिथेच विचारा. 2022 साली लम्पीने दावणी रिकाम्या केल्या, ते कुणी विसरलेले नाही. देवणीची सैल कातडी आणि लोंबते कान ही गोचिडांची आवडती जागा आहे. कानाच्या आतून, पोळीच्या घडीतून आणि शेपटीच्या बुडातून बोट फिरवून बघा. बैलाचे मुतान लोंबते असते. काटेरी रानातून आल्यावर तिथली जखम तपासा, पावसात ती लवकर चिघळते. पेरणीत जू सकाळी लवकर घाला आणि अकराला सोडा, म्हणजे खांदा सुजणार नाही.

सगळ्यात मोठे नुकसान होते ते रेतनात. गाय माजावर आली की जे मिळेल ते रेतन करून घेतो आणि पाच वर्षांनी म्हणतो, देवणी राहिलीच नाही. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करा. डॉक्टरांना देवणीचीच कांडी मागा, नाव घेऊन मागा. वळू ठेवत असाल तर त्याच्या आईचे दूध विचारल्याशिवाय ठेवू नका. नुसते देखणे वशिंड बघून ठेवलेल्या वळूने कळपाचे दूध वाढत नाही. बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठात आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात सल्ला मिळतो. कारहुणवीच्या मिरवणुकीतून घरी परत आलात की आपल्या गाईच्या वेताची तारीख आणि दोन्ही वेळचे दूध एका वहीत लिहायला सुरुवात करा.