जखमी हत्तिणीचा कृत्रिम पाय

(वरच्या प्राथमिक वर्गांकरिता : सामान्य विज्ञान, भूगोल व अंकगणित यांचा संयुक्त अभ्यासपाठ)

पाठाचा हेतू

माणसाचा पाय निकामी झाला असता त्याच्या जागी कृत्रिम पाय बसविता येतो, हे खेड्यापाड्यांतील मुलांनाही ठाऊक असते. जनावरांच्या बाबतीत मात्र ‘पाय गेला म्हणजे जनावर गेले’ अशीच सर्वसाधारण समजूत आढळते. ही समजूत निव्वळ अज्ञानातून आलेली नाही. तिच्यामागे अनुभव आहे. तो अनुभव कोणत्या कारणावर आधारलेला आहे, आणि शल्यविद्येने त्यातून कोठपर्यंत वाट काढली आहे, हे मुलांना समजावून देणे हा प्रस्तुत पाठाचा हेतू होय. याकरिता थायलंडमधील दोन हत्तिणींचे उदाहरण घेतले आहे.

१. शरीराचा भार आणि पाय

कुत्र्याचा एक पाय कापावा लागला तरी तो उरलेल्या तीन पायांवर चालण्यास लवकरच शिकतो. घोडा, बैल किंवा हत्ती यांस हे सहसा साधत नाही. चौघांनाही पाय चारच. मग हा फरक कशामुळे पडतो? त्याचे मुख्य कारण शरीराचा भार हे होय.

हे कारण इटालियन शास्त्रज्ञ गॅलिलिओ याने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विशद केले आहे. एक सेंटिमीटर बाजूचा मातीचा घन घेतला, तर त्याच्या तळाचे क्षेत्रफळ एक चौरस सेंटिमीटर आणि घनफळ एक घन सेंटिमीटर भरते. बाजू दुप्पट केली की तळ चौपट होतो, परंतु घनफळ, आणि म्हणून वजनही, आठपट होते. अर्थात तळाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर येणारा भार दुप्पट होतो. प्राण्याचे शरीर जसजसे मोठे, तसतसा त्याच्या पायांवरचा ताण याच रीतीने वाढतो. म्हणूनच हरणाचे पाय काटकुळे, तर हत्तीचे पाय खांबासारखे जाड व सरळ असतात. हत्तीच्या तळपायात चरबीची एक जाड गादी असते. ती प्रत्येक पावलाचा धक्का शोषून घेते.

बहुतेक चतुष्पाद प्राण्यांच्या शरीराचा निम्म्याहून अधिक भार पुढील दोन पायांवर असतो. त्यांतील एक पाय गेला म्हणजे दुसऱ्यावर त्याच्या वाट्याबाहेरचा भार येऊन पडतो. घोड्याच्या बाबतीत असा निरोगी पायच पुढे बिघडण्याचा धोका असतो. खुराच्या आतील नाजूक थर सुजून खुराची हाडावरील पकड सैल होते. मग जनावर बसते. आणि मोठ्या जनावरास फार काळ एका कुशीवर पडून राहणे घातक ठरते. स्वतःच्याच वजनाने त्याच्या स्नायूंवर व फुफ्फुसांवर दाब येतो, अंगास जखमा पडतात, आणि जनावर दगावते. ‘पाय गेला म्हणजे जनावर गेले’ या समजुतीचे मूळ हे असे आहे.

२. मोताला

थायलंड सरकारने १९८९ साली जंगलतोडीस बंदी केली. जंगले राखण्याच्या दृष्टीने हा निर्णय इष्टच होता. परंतु लाकडाचे ओंडके ओढण्याचे काम करणारे हत्ती व त्यांचे माहूत त्यामुळे बेकार झाले. त्यांपैकी काही सरहद्द ओलांडून शेजारच्या म्यानमारच्या अरण्यात कामास जाऊ लागले. तेथे अनेक वर्षे यादवी युद्ध चालू होते, आणि लढणाऱ्या पक्षांनी जमिनीत ठिकठिकाणी भूसुरुंग पुरून ठेवले होते.

ऑगस्ट १९९९ मध्ये मोताला नावाच्या, सुमारे ३८ वर्षे वयाच्या हत्तिणीचा पुढील डावा पाय अशाच एका सुरुंगावर पडला. पायाचा खालचा भाग छिन्नविच्छिन्न झाला. अशा स्थितीत ती जंगलातून चालत बाहेर आली, आणि तिला उत्तर थायलंडमधील लाम्पांग येथील हत्तींच्या रुग्णालयात नेण्यात आले. हे रुग्णालय सोराइदा साल्वाला या बाईंनी १९९३ साली स्थापन केले होते. केवळ हत्तींसाठी उभारलेले ते जगातील पहिले रुग्णालय म्हणून ओळखले जाते.

तेथे पशुवैद्यांच्या मोठ्या पथकाने शस्त्रक्रिया करून निकामी झालेला भाग काढून टाकला. हत्तीवरील शस्त्रक्रियेत भूल देणे हेच एक जोखमीचे काम असते. औषध कमी पडल्यास एवढे बलाढ्य जनावर मध्येच उठण्याचा धोका. जास्त झाल्यास किंवा वेळ लांबल्यास त्याच्या श्वासास धोका. शस्त्रक्रिया पार पडल्यावर खरे काम सुरू होते. जखम वारंवार धुणे, त्यात पू होऊ न देणे, आणि जनावर उभे राहील अशी व्यवस्था करणे, हे सर्व महिनोन्‌महिने करावे लागते. वेदना देणाऱ्या माणसासच जवळ येऊ देण्याइतका विश्वास जनावराच्या ठायी उत्पन्न व्हावा लागतो. तो औषधाने होत नाही. रोजच्या सहवासानेच होतो.

मोतालास तयारीसाठी प्रथम भुसा भरलेला कापडी बूट घालण्यात आला. कायमचा कृत्रिम पाय तिला ऑगस्ट २००९ मध्ये, म्हणजे अपघातानंतर दहा वर्षांनी, मिळाला.

३. मोशा

त्याच सरहद्दीजवळ २००६ साली मोशा नावाचे हत्तिणीचे पिल्लू सुरुंगावर पडून जखमी झाले. त्या वेळी त्याचे वय अवघे सात महिने होते. त्याने पुढील उजव्या पायाचा खालचा भाग गमावला. तोल सावरण्यासाठी त्याला चालताना सोंडेचा उपयोग करावा लागे.

डॉ. थेर्दचाय जीवकेत या अस्थिशल्यविशारदांनी हे पाहिले. हे गृहस्थ माणसांचे वैद्य. गरीब लोकांना मोफत कृत्रिम पाय मिळावेत म्हणून थायलंडमध्ये १९९२ साली निघालेल्या संस्थेच्या कार्याचे ते प्रणेते होते, आणि त्याबद्दल त्यांना २००८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. माणसासाठी वापरलेली विद्या त्यांनी हत्तीच्या पिल्लासाठी वापरली. कृत्रिम पाय लाभलेली जगातील पहिली हत्तीण म्हणून मोशाचे नाव नोंदले गेले.

कापून उरलेल्या पायास ‘खुंट’ म्हणू. कृत्रिम पायाचे मुख्य भाग तीन : खुंट ज्यात बसतो ती खोबण, भार जमिनीपर्यंत पोहोचविणारा मधला भाग, आणि तळ. यांपैकी खोबण तयार करणे सर्वांत अवघड असते. ती सैल झाली तर खुंट आत घासून सोलतो; घट्ट झाली तर रक्ताचा प्रवाह अडतो. म्हणून आधी खुंटाचा साचा घेतात, खोबणीस आतून मऊ अस्तर लावतात, आणि पाय वेळोवेळी काढून कातडी तपासतात. गॅलिलिओचा नियम येथे पुन्हा उपयोगी पडतो : भार जितका अधिक, तितका तो अधिक पृष्ठभागावर वाटून देणे आवश्यक ठरते.

मोशाच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. ती वाढत होती. आरंभी तिचे वजन सुमारे ६०० किलोग्रॅम होते. २०१६ साली ते २,००० किलोग्रॅमच्या वर गेले. तोपर्यंत तिला नऊ वेळा नवा पाय करावा लागला. लहान मुलाचे बूट दरसाल बदलावे लागतात, त्यातलाच हा प्रकार. मात्र येथे बूट लहान पडला तर बालकाचा जीवच संकटात येतो. कृत्रिम पाय ही एकदा देऊन संपणारी वस्तू नव्हे. तो जनावराच्या आयुष्यभर चालविण्याचा व्यवहार आहे.

४. विद्येची देवघेव

माणसांची विद्या जनावरांच्या उपयोगी पडते, तशी जनावरांवरील विद्याही माणसांच्या उपयोगी पडते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या किनाऱ्यावर डिसेंबर २००५ मध्ये डॉल्फिनचे एक पिल्लू खेकड्यांच्या सापळ्याच्या दोरात गुरफटलेले सापडले. त्याची शेपटी गेली. शेपटीवाचून ते आडव्या दिशेने अंग हलवीत पोहू लागले, व त्याने त्याच्या कण्यास अपाय होण्याची भीती निर्माण झाली. तेव्हा त्याला कृत्रिम शेपटी करून देण्यात आली. त्याच्या नाजूक कातडीस इजा होऊ नये म्हणून खास मऊ अस्तर तयार करावे लागले. तेच अस्तर पुढे पाय गमावलेल्या माणसांसाठीही वापरात आले. ‘विंटर’ नावाची ही डॉल्फिन २०२१ साली मरण पावली.

आपल्या देशासही हा विषय परका नाही. पालकाप्य मुनींच्या नावावर असलेल्या ‘हस्त्यायुर्वेद’ या संस्कृत ग्रंथात हत्तींवरील शल्योपचारांस स्वतंत्र विभाग दिलेला आहे. हा ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेने १८९४ साली छापून प्रसिद्ध केला. मुंबईत परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे पशुरुग्णालय १८८३ साली स्थापन झाले, आणि १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. अनवाणी चालणाऱ्या व मांडी घालून बसणाऱ्या लोकांस सोयीचा असा ‘जयपूर फूट’ १९६८ साली रामचंद्र शर्मा या कारागिरांनी व डॉ. प्रमोद करण सेठी यांनी सिद्ध केला. अंगावर बेतल्याखेरीज कोणताही कृत्रिम अवयव उपयोगी पडत नाही, हे तत्त्व माणूस व हत्ती या दोघांसही सारखेच लागू पडते.

५. मूळ कारण

वैद्याने जखम बरी केली तरी जखमेचे कारण तसेच राहते. भूसुरुंगांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार १९९७ साली झाला व १ मार्च १९९९ रोजी अमलात आला. थायलंड त्यात सामील झाला होता. म्यानमार झाला नव्हता. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मोताला जखमी झाली. सुरुंग पुरण्यास फार वेळ लागत नाही. तो पुरणारा सैनिक निघून जातो, युद्धाची आघाडी बदलते, आणि सुरुंग मात्र वर्षानुवर्षे जागा राहतो. वर पडणारे पाऊल सैनिकाचे, शेतकऱ्याचे, शाळेस जाणाऱ्या मुलाचे की हत्तीच्या पिल्लाचे, हे त्याला कळत नाही. एका पावलाने झालेली हानी निस्तरण्यासाठी लाम्पांगच्या रुग्णालयास वर्षानुवर्षे खपावे लागले. हा हिशेब मुलांपुढे नीट मांडावा. वेगळ्या उपदेशाची गरज पडणार नाही.

शिक्षकांस सूचना

(अ) मातीचे एक व दोन सेंटिमीटर बाजूचे घन मुलांकडून करून घ्यावेत, आणि लहान आठ घनांपासून मोठा एक घन बनतो हे प्रत्यक्ष दाखवावे.

(आ) आशियाच्या नकाशात थायलंड, म्यानमार व भारत यांच्या सरहद्दी दाखवाव्यात.

(इ) जखमी जनावर दिसल्यास मुलांनी त्याच्याजवळ जाऊ नये. वेदनेने व्याकूळ झालेले ओळखीचे जनावरही चावते किंवा लाथ मारते. वडील माणसांस सांगून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे, हे आवर्जून सांगावे.

(ई) वाटेवर पडलेले खिळे, तारा, काचा व दोऱ्या मुलांनी वडील माणसांच्या नजरेस आणून द्याव्यात. आपल्या गावातील गुरांच्या पायांस अशा वस्तूंनी इजा होते.

(उ) वर्गात कृत्रिम अवयव वापरणारे मूल असल्यास या पाठाच्या वेळी त्याच्याकडे बोट दाखविले जाणार नाही, याची दक्षता घ्यावी. त्याने आपण होऊन सांगितले तर जरूर ऐकून घ्यावे.

स्वाध्याय

१. तीन पायांवर कुत्रा चालतो, परंतु घोडा जगणे कठीण होते. असे का?

२. एका हत्तिणीचे वजन २,७०० किलोग्रॅम आहे. त्यापैकी ६० टक्के भार पुढील दोन पायांवर समान असल्यास प्रत्येक पुढील पायावर किती भार येईल?

३. घनाची बाजू तिप्पट केल्यास तळाचे क्षेत्रफळ व घनफळ किती पटींनी वाढेल?

४. खोबण सैल किंवा घट्ट झाल्यास कोणते अपाय होतात?

५. मोशाला पुनःपुन्हा नवा पाय का करावा लागला?

६. जंगलतोडीची बंदी आणि मोतालाचा अपघात यांचा संबंध पाच ओळींत लिहा.